खोटं कर्ज पहिला हप्ता भरला की खरं होतं

(वनहक्क दावेदारांच्या मासिक बैठकीत आमच्या पाड्यांच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण. बैठकीला न आलेल्या साथींनी मागितले म्हणून इथे छापत आहोत. आपल्या पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावे.)



आज बैठक दाव्यांची आहे. प्रांत ऑफिसात कोणाची फाईल अडली, कोणाच्या मोजणीत क्षेत्र कमी दाखवलं, ते आपण जेवणानंतर बोलणारच आहोत. त्याआधी आम्हा पोरांना अर्धा तास पाहिजे. विषय बँकेचा आणि कर्जाचा आहे. तुम्ही म्हणाल, जमिनीच्या बैठकीत बँक कशाला? आम्हालाही आधी तसंच वाटत होतं. पण या पावसाळ्याच्या तोंडाशी एका पाड्यात जे झालं, त्यात आपल्या एका वहिनीचा प्लॉट जाता जाता राहिला. म्हणून जमिनीच्या बैठकीतच सांगतोय.

वहिनीचं नाव इथे घेत नाही. ती बैठकीला आलेली आहे, तिला विचारूनच बोलतोय.

वहिनी आणि दादा दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. परत आले ते मे महिन्याच्या अखेरीस. घर शाकारायचं चाललं होतं तेव्हा मोटरसायकलवर दोघे आले. हातात मोबाईल, त्यात वहिनीचा फोटो. म्हणाले, "चाळीस हजारांचं ग्रुप लोन घेतलंस, सहा महिने हप्ता नाही. दंड धरून एकतीस हजार बाकी आहे. भर, नाहीतर पोलीस येतील. तुझा वनपट्टा आहे ना, तो जप्त करू."

वहिनीने आयुष्यात कोणाकडून कर्ज घेतलेलं नाही. भट्टीच्या शेठची उचल सोडली तर. ती म्हणाली, मी नाय घेतलं. ते म्हणाले, नाव तुझं, आधार तुझं, फोटो तुझा, मग घेतलं कोणी?

आता इथे काय झालं ते नीट ऐका. वहिनी आणि दादा रात्रभर बोलले आणि त्यांनी ठरवलं की भरून टाकू. का? पोलिसांची भीती, आणि पट्टा जाईल ही भीती. दहा वर्षं दाव्यासाठी चपला झिजवल्या, आत्ता कुठे पट्टा हातात आला. तो वाचवायचा म्हणून ते बाजारपेठेच्या एका दुकानदाराकडे गेले. दुकानदार म्हणाला, दहा हजार आत्ता देतो, बाकीचं नंतर बघू, दोन वर्षं प्लॉट मी करीन, या स्टँपपेपरवर अंगठा दे. म्हणजे पट्टा वाचवायला ते पट्ट्याचीच जमीन गहाण टाकायला निघाले होते. कर्ज कोणाचं? कोणाचंच नाही.

वहिनीला वाचता येत नाही, पण अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्यायचा ही संघटनेची शिकवण ती विसरली नव्हती. ती स्टँपपेपर पदरात बांधून आमच्याकडे आली. म्हणून हे कळलं.

साथींनो, ही गोष्ट नवी नाही. आपल्या आज्यांना विचारा. लग्नासाठी शेठकडून पैसे घ्यायचे, अंगठा द्यायचा, आणि नवराबायको दोघांनी वर्षानुवर्षं त्याच्या वाडीवर राबायचं. लग्नगडी म्हणत त्याला. किती घेतले, किती फिटले, ते शेठच्या वहीत. आपल्याला वही वाचता येत नव्हती. त्या वहीच्या जोरावर जमिनी गेल्या. इतक्या गेल्या की सरकारला १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनी परत करायच्या असं त्यात होतं. किती परत आल्या ते तुम्हाला माहीत आहे. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदाही झाला.

तेव्हा अंगठा शाईचा होता, आता मशीनचा आहे. शाईचा अंगठा निदान एकाच कागदावर उमटायचा. मशीनचा अंगठा कुठे कुठे उमटला ते आपल्याला दिसतही नाही. एवढाच फरक.

आता वहिनीच्या प्रकरणात आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं, वसुलीवाल्यांना सांगितलं की एक रुपयासुद्धा भरणार नाही, आधी कागद दाखवा. ते ओरडले. आम्ही शांत राहिलो. रिझर्व्ह बँकेचे छोट्या कर्जांचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं कर्ज देताना काहीही तारण घेता येत नाही. जमीन नाही, घर नाही, भांडी नाहीत. कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत कर्जाचं कार्ड द्यावं लागतं. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर येता येत नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. म्हणजे "पट्टा जप्त करू" ही धमकी पहिल्यापासून खोटी होती.

आणि वनपट्ट्याचं तर आपण घोकून ठेवलं पाहिजे. वनहक्क कायदा २००६, कलम ४ पोटकलम ४ : हा हक्क वारसाने पुढे जातो, पण तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्या दुकानदाराच्या स्टँपपेपरला कायद्यात किंमत नाही. पण कायद्यात किंमत नसली तरी नांगर त्याचा चालला असता. दोन वर्षांनी त्याला शेतातून काढायला आपल्याला पुन्हा मोर्चा काढावा लागला असता. हेही खरं आहे.

दुसरं, कंपनीच्या तालुक्याच्या शाखेत लेखी अर्ज दिला. कर्जाच्या अर्जाची नक्कल द्या, पैसे कोणत्या खात्यात टाकले त्याचा नंबर द्या, अर्जावर मोबाईल नंबर कोणता लिहिला ते द्या. अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. शिपाई म्हणाला साहेब नाहीत. आम्ही म्हणालो, साहेब येईपर्यंत बसतो. पंधरा बाया बसल्या. तासाभराने शिक्का मिळाला.

तीन आठवड्यांनी कागद मिळाले. त्यात काय होतं बघा :

अर्जावर सही होती. वहिनी अंगठा लावते.

घराचा फोटो होता. त्या घरावर सिमेंटचे पत्रे. वहिनीचं घर कुडाचं, वर गवत.

मोबाईल नंबर वहिनीचा नाही. तो लावला तर बंद.

आणि पैसे गेले ते वहिनीच्याच नावाच्या खात्यात. पण ते खातं अशा बँकेत, जिचं दार वहिनीने कधी पाहिलेलं नाही. खातं उघडल्याची तारीख गेल्या वर्षीच्या डिसेंबरातली. तेव्हा वहिनी भट्टीवर विटा थापत होती.

मग हे जमलं कसं? आठवून आठवून कळलं. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास एक बाई आणि एक पोरगा शाळेच्या ओट्यावर येऊन बसले होते. फुकट शिलाई मशीन मिळणार म्हणून. अकरा बायांनी नावं दिली. आधारची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स, मोबाईलवर फोटो, आणि छोट्या मशीनवर अंगठा. दोनदा, तीनदा. "नीट लागला नाही, परत लाव." शिलाई मशीन आली नाही. बाया विसरून गेल्या. त्या अकरामधल्या चौघींच्या नावावर कर्ज निघालं.

आता चौघींचं काय झालं ते ऐका, कारण आम्हाला आज जे सांगायचं आहे ते यातच आहे.

तिघींनी एक पैसा भरला नव्हता. सही, फोटो, मोबाईल, भट्टीवरची तारीख, हे सगळं मांडल्यावर अडीच महिन्यांनी कंपनीने लिहून दिलं की या तिघींकडून वसुली करणार नाही. चौथी बाई मात्र घाबरली होती. आम्हाला कळायच्या आधी तिने कोंबड्या विकून दोन हप्ते भरले. तिचं प्रकरण अजून लटकलंय. कंपनी म्हणते, कर्ज घेतलं नव्हतं तर हप्ते का भरले?

खोटं कर्ज पहिला हप्ता भरला की खरं होतं, साथींनो. निदान त्यांच्या वहीत तरी होतं. म्हणून भीतीने भरू नका. लाजेनेही भरू नका. ग्रुपच्या बाकीच्या बाया आपल्यामुळे अडतील म्हणूनही भरू नका. आधी कागद मागा.

त्या चौथ्या बाईला आम्ही सोडलेलं नाही. तिचा अर्ज पुढे कुठे पाठवला ते नंतर सांगतो.

पोलीस ठाण्याचंही सांगितलं पाहिजे. पहिल्यांदा गेलो तर म्हणाले, अर्ज देऊन जा. दुसऱ्यांदा म्हणाले, हे पैशाचं भांडण, आमचं काम नाही. तिसऱ्यांदा वीस बाया गेल्या, तेव्हा गुन्हा नोंदला. दुसऱ्याची ओळख, म्हणजे पासवर्ड, अंगठा, अशी खूण फसवणुकीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क चा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यात फसवणुकीचं कलम ३१८ आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवण्याचं कलम ३१९. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फुकट मिळाली पाहिजे. हद्द आमची नाही म्हणून पोलिसांना परत पाठवता येत नाही. नोंदच केली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं. खोटं कशाला सांगू, ते शिलाई मशीनवाले दोघे अजून सापडलेले नाहीत. पण गुन्ह्याची प्रत हातात आली तेव्हाच कंपनीचं बोलणं बदललं.

आता दुसऱ्या प्रकारची चोरी. ही रोजचीच आहे.

आमच्या पाड्यातली एक आजी रोजगार हमीचे पैसे काढायला सेंटरवर गेली. अंगठा लावला. पोरगा म्हणाला, "आजी, फेल झालं, सर्व्हर नाही, उद्या ये." दुसऱ्या दिवशी गेली, पुन्हा अंगठा, मग हजार रुपये मिळाले. चार महिन्यांनी आम्ही तिचं पासबुक बँकेत नेऊन एन्ट्री मारून आणली. दोन्ही दिवशी पैसे निघाले होते. पहिल्या दिवसाचे आजीला मिळालेच नाहीत.

हे का होतं ते समजून घ्या. सेंटरवर अंगठ्याने पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात : आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट. पिन नाही, मोबाईलवर येणारा नंबर नाही. आजीकडे मोबाईल नाही, असता तरी आपल्या पाड्यात रेंज नाही. म्हणून पैसे निघाल्याचं तिला कळणार कसं? पावतीवर. आणि पावती तर कोणी मागतच नाही.

सेंटरवाला हा बँकेचाच माणूस धरला जातो. त्याने केलेल्या व्यवहाराला बँक जबाबदार आहे. "ते सेंटरवाल्याला विचारा" असं मॅनेजर म्हणाला तर ऐकू नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. बँकेच्या बाजूने हयगय किंवा लबाडी असेल तर खातेदाराचं नुकसान शून्य, त्याने कळवलं असो वा नसो. बँकेची चूक नाही, खातेदाराचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी केलं, असं असेल तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या शून्य शिलकीच्या खात्याला जास्तीत जास्त पाच हजारांपर्यंतच सोसावं लागतं. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, आपलं नाही. आपल्याला निरोपच मिळाला नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा : माझ्याकडे मोबाईल नाही, मला अमुक तारखेला पासबुक छापल्यावर कळलं.

आजीचे हजार रुपये परत आले. दोन महिने लागले, तीन फेऱ्या. एसटीचे पैसे गेले ते वेगळेच. पण त्या सेंटरवर आता पावती मिळते. ती सगळ्यांनाच मिळते.

तिसरा प्रकार. पैसे मंजूर झाले, यादीत नाव आहे, पण खात्यात नाहीत. कुठे गेले? आधारवर येणारा सरकारी पैसा आपल्या आधारला जी बँक सगळ्यात शेवटी जोडली असेल तिथे जातो. आपण पासबुक एका बँकेचं घेऊन बसतो आणि पैसा दुसरीकडेच पडतो. २०१७ साली देशभर हे झालं होतं. एका मोठ्या मोबाईल कंपनीने सिमकार्ड आधारला जोडायला आलेल्या लोकांची न विचारता आपल्याच पेमेंट बँकेत खाती उघडली, आणि लाखो लोकांची गॅसची सबसिडी त्या खात्यांत गेली. लोकांना पत्ता नव्हता. त्या वर्षीच्या डिसेंबरात आधारच्या प्राधिकरणाने त्या कंपनीवर कारवाई केली. विचार करा, तिथे शहरातले शिकलेले लोकसुद्धा फसले. म्हणून फसलेल्या माणसाला "तू अडाणी, तुझीच चूक" असं कोणी म्हणू नये. आम्ही बारावी शिकलेले आहोत, आणि आमच्यातल्या एकाच्या नावावर दोन सिमकार्डं निघाली, जी त्याने कधी घेतली नव्हती.

चौथं आम्हा पोरांसाठी. इथे मागे उभे असलेल्यांनी पुढे यावं.

कोणी म्हणतं, तुझं खातं वापरायला दे, महिन्याला दोन हजार देतो. कोणी म्हणतं, नोकरी लावतो, खातं उघड, पासबुक, एटीएम आणि सिम माझ्याकडे ठेव. देऊ नका. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुबाडलेले पैसे फिरवतात. २०२४ च्या नोव्हेंबरात इथे नाशिक जिल्ह्यात मालेगावात हेच उघडकीला आलं. नोकरीचं आमिष दाखवून तरुणांची कागदपत्रं घेतली, त्यांच्या नावावर खाती उघडली आणि त्यातून शंभर कोटींच्या वर रक्कम फिरवली. पोरांच्या खिशात काही नव्हतं, आणि नाव मात्र त्यांचं. केंद्राचे अधिकारी तपासाला आले. उद्या दुसऱ्या राज्याचे पोलीस पाड्यावर आले तर आपल्या आईबापांनी काय करायचं? रोजगार हमीची मजुरी येते तेच खातं गोठवलं तर घरात काय शिजवायचं? वहिनीच्या नावावर चोरी झाली, तिला माहीत नव्हतं. पण आपण दोन हजारांसाठी आपलं नाव स्वतः दिलं तर आपण फसलेले नाही, सामील आहोत. पोलीसही तेच म्हणतील.

आता आमची स्वतःची चूक. ही सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा आम्हाला हक्क नाही.

दोन वर्षांपूर्वी दाव्यांसाठी आम्हीच पाड्यापाड्यातून आधारच्या झेरॉक्स गोळा केल्या. गठ्ठा बांधून तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात रात्रभर ठेवला. काहींचे तर मोबाईलवर फोटो काढून एकमेकांना पाठवले. ते फोटो आजही कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असतील. शिलाई मशीनवाल्यांनी जे केलं त्यासाठी लागणारं अर्धं सामान आम्हीच उघड्यावर टाकलं होतं. त्यातून कोणाचं नुकसान झालं असं समोर आलेलं नाही. पण होऊ शकलं असतं. आणि दाव्याला आधारच पाहिजे असं वनहक्काच्या नियमात लिहिलेलंही नाही. नियम १३ मध्ये पुरावे सांगितले आहेत, त्यात मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, रहिवासी दाखला हे आहेत. ऑफिसातल्या कारकुनाने मागितलं म्हणून आम्ही दिलं. यापुढे असं करणार नाही. जुन्या झेरॉक्स आम्ही ज्याच्या त्याला परत करतोय. आज ओसरीवर पेटी ठेवली आहे, आपापल्या घेऊन जा.

आता करायचं काय, ते एकेक सांगतो. पोरांनी लिहून घ्या, बाकीच्यांनी ध्यानात ठेवा.

१. झेरॉक्सवर लिहायचं. कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली. "फक्त रेशनसाठी" असं आडवं लिहा, अक्षरं छापलेल्या भागावर गेली पाहिजेत. जमेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार काढून द्या. तेही चालतं.

२. मशीनवर अंगठा लावण्याआधी विचारा : कशाचा? किती रुपयांचा? फेल झालं म्हणाला तर फेल झाल्याची पावती माग. पावती नाही तर दुसरा अंगठा नाही. रेशन, पैसे, सिम आणि "फुकट योजना" यांचा अंगठा एकाच माणसाकडे एकाच बैठकीत देऊ नका.

३. महिन्यातून एकदा पासबुकात एन्ट्री. पाड्यातल्या एकाने सगळ्यांची पासबुकं न्यायची असतील तर दोघांनी जावं, आणि नेली-आणलीची वही ठेवावी.

४. आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, मागच्या सहा महिन्यांचं. कोणती बँक जोडली आहे तेही तिथेच दिसतं. त्याला आधारला जोडलेला मोबाईल आपलाच लागतो. तो दुसऱ्याचा असेल तर आधी तो बदलून घ्या. आधारचा फोन नंबर १९४७.

५. अंगठ्याला कुलूप लावता येतं. आधारच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर ते होतं. पण लक्षात ठेवा, कुलूप लावलं तर रेशनच्या मशीनवरही अंगठा लागणार नाही. आधी उघडावं लागतं, ते थोड्या वेळापुरतं उघडता येतं. म्हणून ज्याच्या घरात मोबाईल आणि चालवणारा आहे त्याने लावा. म्हाताऱ्या माणसांचं कुलूप लावून आपण शहरात निघून गेलो असं करू नका, त्यांचं धान्य अडेल.

६. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर दिसतं. आपलं नसेल ते तिथूनच बंद करायला सांगता येतं.

७. आपल्या नावावर कुठे कर्ज आहे ते कळतं. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. खोटं कर्ज दिसलं तर तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. हे करायलाच पाहिजे. वहिनीची वसुली थांबली तरी नोंद राहिली, तर उद्या बचत गटाच्या कर्जाला तिचंच नाव अडेल.

८. पैसे गेल्याचं कळलं की लगेच १९३० ला फोन. जितका लवकर तितका पैसा अडवता येतो. रेंज नसेल तर टेकडीवर जा, पण त्याच दिवशी करा. मग बँकेत लेखी अर्ज, पोच घ्या. मग पोलीस.

९. बँक किंवा कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा वाकडं दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकील नको. साध्या कागदावर लिहून चंदीगडला पाठवता येतं : रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. चौकशीचा फोन १४४४८. त्या कोंबड्या विकलेल्या बाईचा अर्ज आम्ही तिथेच पाठवला आहे. "हप्ते भीतीने भरले, कर्ज घेतलं नव्हतं, अर्जावरची सही माझी नाही" असं तिच्याच शब्दांत लिहिलंय. उत्तर आलं की बुलेटिनमध्ये छापू, बाजूने असो की विरुद्ध.

हे सगळं एकट्याने होत नाही. वहिनी एकटी होती तेव्हा ती दुकानदाराकडे गेली. पंधरा बाया होत्या तेव्हा शिक्का मिळाला, वीस होत्या तेव्हा गुन्हा नोंदला. म्हणून आमची सूचना अशी की प्रत्येक पाड्याच्या ग्रामसभेत तीन ठराव करावेत.

एक : पाड्यात कोणीही कागद, फोटो किंवा अंगठा गोळा करायला आला तर त्याने आधी ग्रामसभेच्या वहीत नाव, पत्ता, कोणाकडून आला, कशासाठी आला हे लिहून द्यावं आणि ओळखपत्र दाखवावं. नाहीतर ओट्यावर बसू देऊ नये.

दोन : वसुलीवाला आला तर त्याने घराघरात न शिरता चार माणसांसमोर बोलावं, आणि कर्जाचा कागद दाखवावा.

तीन : कोणाच्याही नावावर न घेतलेलं कर्ज निघालं तर त्याने पैसे भरण्याआधी किंवा जमीन कोणाला देण्याआधी ग्रामसभेत सांगावं, आणि ग्रामसभेने त्याच्यासोबत जावं.

१९९६ च्या पेसा कायद्यात आदिवासींना दिल्या जाणाऱ्या सावकारी कर्जावर लक्ष ठेवायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. नव्या कंपन्यांना तो कितपत लागू होतो यावर वकील भांडोत. ओट्यावर कोण बसतो हे विचारायला आपल्याला वकील लागत नाही.

शेवटचं बोलतो. वहिनीने तो स्टँपपेपर अजून जपून ठेवलाय, कोरा, अंगठ्याशिवायचा. या वर्षी तिच्या प्लॉटवर नागली आणि वरई उभी आहे. येताना रस्त्यावरून दिसते, ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जाताना बघा.

ज्यांच्याकडे अशी नोटीस आली आहे, किंवा ज्यांनी कधी शिलाई मशीन, गाय, घरकुल, गॅस अशा कशासाठी अनोळखी माणसाला अंगठा दिला आहे, त्यांनी जेवणानंतर आमच्याकडे नाव सांगा. लाजू नका. आम्ही पासबुक वाचायला पाचजण बसतोय.

जिंदाबाद!